परदेशी सहकाऱ्याचा व्हिसा वाढवताना: बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या एचआरवाल्यांसाठी

उद्यमबाग, मच्छे, होनगा, हत्तरगी या भागातल्या कारखान्यात एखादा जर्मन किंवा जपानी इंजिनीअर कामाला असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्याला आणताना सगळे धावपळ करतात. गोव्याच्या विमानतळावर गाडी जाते, टिळकवाडीत फ्लॅट बघितला जातो, गॅसची शेगडीसुद्धा आधी येऊन बसते. वर्ष सरत आलं की मात्र त्याच्या व्हिसाची मुदत वाढवायचं काम एचआरमधल्या किंवा अकाउंट्समधल्या एखाद्याच्या टेबलावर येऊन पडतं, आणि त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. मी बेळगावात हे काम बरीच वर्षं करते आहे. नव्याने ज्यांच्या अंगावर ही जबाबदारी आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळं खातं असतं. आपल्याकडे नसतं. वर आपल्याकडे राज्याची हद्द आहे: काम एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, आणि दोन्हींच्या मधे जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. या भागातले बहुतेक अर्ज मी अडकलेले पाहिले ते पत्त्यावरून. म्हणून पत्त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आधी ढोबळ चित्र. आपल्याकडे वेगळं असं वर्क परमिट नसतं, एम्प्लॉयमेंट व्हिसा हेच काम करण्याचं परमिट. तो भारतीय दूतावास देतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या एम्प्लॉयमेंट व्हिसावर आलेल्या माणसाने आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करायची असते. त्यातून त्याला रेसिडेन्शियल परमिट मिळतं, ज्याला सगळे आरपी म्हणतात. पुढे व्हिसा आणि आरपी दोन्हींची मुदत इथेच, भारतात राहून, वाढवता येते. कर्नाटकासाठी मुख्य कार्यालय बेंगळुरूचं, आणि जिल्हा पातळीवर हे काम पोलीस खातं बघतं. २०१८ पासून सगळं ई-एफआरआरओ पोर्टलवर होतं, त्यामुळे रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठून रांगेत उभं राहायची वेळ सहसा येत नाही.

१. तो रात्री कुठे झोपतो, ते आधी नक्की करा

पोर्टलवर अर्ज कुठल्या कार्यालयाकडे जाणार, हे ठरतं त्या माणसाच्या राहत्या पत्त्यावरून. कारखाना कुठे आहे यावरून नाही. इतर गावांत या फरकाने काही बिघडत नाही, आपल्याकडे बिघडतं.

शिनोळीचं उदाहरण घ्या. शिनोळीची औद्योगिक वसाहत चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. तिथे कामाला असलेला परदेशी माणूस राहतो मात्र बेळगावात, कारण मुलांची शाळा, दवाखाना, बाजार सगळं बेळगावात. त्याचा अर्ज कर्नाटकाच्या यंत्रणेकडे जाणार. कंपनीच्या पत्रावर महाराष्ट्राचा पत्ता आणि भाडेकरारावर कर्नाटकाचा, हे चालतं. फक्त कंपनीच्या पत्रात स्पष्ट लिहा की कर्मचाऱ्याचं कामाचं ठिकाण शिनोळी, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र, आणि राहण्याचं ठिकाण बेळगाव, कर्नाटक. हे वाक्य नसेल तर कागद तपासणाऱ्याला दोन पत्ते दिसतात, खुलासा दिसत नाही, आणि अर्ज परत येतो. बेंगळुरूत बसलेल्या माणसाला शिनोळी आणि बेळगाव शेजारी आहेत हे ठाऊक असायचं कारण नाही.

असे आणखीही प्रकार आहेत. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत काम आणि निपाणीत घर. किंवा नोकरी बेळगावात आणि वर्षाच्या मधेच त्याने कोल्हापुरात घर घेतलं, कारण बायकोला तिथे बरं वाटलं. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत अवघड. राज्य बदललं की कार्यालय बदलतं, आणि पत्ताबदलाचा अर्ज आधी मंजूर झाल्याशिवाय मुदतवाढीच्या अर्जात नवा पत्ता घालता येत नाही. म्हणून घर बदलायचा विषय निघाला की त्याच आठवड्यात तुमच्या कानावर यायला हवा, असं त्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. परदेशी माणसाला घर बदलणं ही खासगी बाब वाटते. पोलिसांना कळवायचं असतं हे त्याच्या डोक्यातही येत नाही, कारण त्याच्या देशात वेगळी पद्धत असते.

गावाच्या नावाचं स्पेलिंगही एकच ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं इंग्रजीतलं अधिकृत नाव Belgaum चं Belagavi झालं, पण कंपनीच्या जुन्या लेटरहेडवर, पॅनच्या पत्त्यावर, बँकेच्या पासबुकावर जुनं नाव अजून सापडतं. अर्जात, करारात, पत्रात, सगळीकडे नवं अधिकृत स्पेलिंग वापरा. जुनं लेटरहेड संपवायचं असेल तर ते इतर पत्रांना वापरा, या कामाला नको.

२. घरमालकाला विश्वासात घ्या

पत्त्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार, त्यासोबत घरमालकाचं ओळखपत्र आणि लाईटचं बिल. इथे खरी गंमत कागदाची नसून माणसाची असते. हिंदवाडी, शहापूर, टिळकवाडीतले आपले घरमालक बहुधा निवृत्त काका किंवा एकट्या राहणाऱ्या काकू. भाडेकरू सोज्वळ आहे, वेळेवर भाडं देतो, सगळं आवडतं. पण पोलीस हा शब्द ऐकला की, 'नको बाबा ते लफडं, आमच्या घराण्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी चढलेली नाही,' असं उत्तर येतं. मी फोनवर हे बोलत नाही. घरी जाते, चहा घेते, आणि कागद समोर ठेवून मराठीत एकेक ओळ समजावते: काका, तुमच्यावर काही येत नाही. हा माणूस तुमच्याकडे राहतो एवढंच सरकारला कळवायचं आहे, आणि ते कळवलं नाही तरच तुम्हाला त्रास आहे की.

कळवायचं म्हणजे सी फॉर्म. कुणाही परदेशी माणसाला मुक्कामाला ठेवलं की २४ तासांत ती माहिती ऑनलाइन भरायची असते. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. घरमालकाला, आणि कंपनीच्या गेस्ट हाऊसलाही, हेच लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. घरमालकाच्या नावे पोर्टलवर खातं उघडावं लागतं. सत्तरीच्या काकांकडून ते होणार नाही, तुम्ही शेजारी बसून त्यांच्या मोबाईलवर ओटीपी घेऊन उघडून द्या, आणि पासवर्ड त्यांच्याच डायरीत त्यांच्याच हाताने लिहायला लावा. माणूस सुट्टीला मायदेशी जाऊन परत आला की नवा सी फॉर्म भरायचा. मुदतवाढीच्या अर्जाला जो सी फॉर्म जोडायचा तो शेवटच्या आगमनानंतरचा. पहिल्या वर्षीचा जुना प्रिंट जोडलेला चालत नाही.

आता लाईटचं बिल. आपल्या गावात निम्म्या घरांचं हेस्कॉमचं बिल वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. भाडेकरार काकांच्या नावे, बिल आजोबांच्या नावे, आडनाव एकच. हा मेळ बसला नाही की शंका निघते. दोन उपाय आहेत. घराचा चालू उतारा किंवा महापालिकेची घरपट्टीची पावती काकांच्या नावे असेल तर ती जोडा. नसेल तर काकांकडून नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घ्या, की अमुक मीटर माझ्या दिवंगत वडिलांच्या नावे आहे आणि घर माझ्या ताब्यात आहे, आणि त्याला मृत्यूचा दाखला जोडा.

भाडेकरार इंग्रजीत करा. आपल्याकडे बाँडवर मराठीत किंवा कन्नडमध्ये करार लिहून देणारे हुशार लोक आहेत, पण तपासणी करणारा अधिकारी देशाच्या कुठल्याही भागातला असू शकतो. करार अकरा महिन्यांचा असतो, ही दुसरी अडचण. व्हिसा वर्षाचा मागायचा आणि करार दोन महिन्यांत संपणारा, असा अर्ज करू नका. आधी करार नवा करा, मग अर्ज. घर चंदगड किंवा कागल तालुक्यात असेल तर तिथे महाराष्ट्राचे नियम. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच लागतो आणि लाईटचं बिल महावितरणचं.

३. तारखा एका कागदावर मांडा

व्हिसा कधी संपतो, आरपी कधी संपतं, पासपोर्ट कधी संपतो, नोकरीचा करार कधी संपतो, भाडेकरार कधी संपतो. हे सगळं एका कागदावर, भिंतीवर. यातली जी तारीख सगळ्यांत आधी येते ती तुमची खरी मुदत.

पासपोर्टकडे विशेष बघा. पासपोर्ट सहा-आठ महिन्यांत संपणार असेल तर आधी तो नवा करून घ्यायला सांगा. जर्मनी आणि जपान या दोघांचीही वकिलात बेंगळुरूत आहे, पण तिथली अपॉइंटमेंट मिळून पासपोर्ट हातात यायला वेळ जातो. नवा पासपोर्ट आला की त्याची माहिती पोर्टलवर बदलायची असते, तो वेगळा अर्ज. जुना पासपोर्ट टाकून द्यायचा नाही. व्हिसाचं पान त्यातच असतं, प्रवासात दोन्ही जवळ ठेवायचे.

कागद गोळा करायला मुदतीच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करा आणि एक महिना आधी अर्ज गेला पाहिजे अशा हिशेबाने चाला. बेळगावात यात आणखी एक गणित धरावं लागतं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा शहरातलं आणि जिल्ह्यातलं पोलीस खातं बंदोबस्तात गुंतलेलं असतं. गणेशोत्सवात, विसर्जनाच्या आठवड्यात, आणि १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपासही तेच. तुमच्या अर्जाची स्थानिक चौकशी नेमकी त्या दिवसांत आली तर ती पुढे ढकलली जाणारच, त्यात कुणाचा दोष नाही. व्हिसा जानेवारीत संपत असेल तर नोव्हेंबर उजाडण्याआधीच सगळे कागद तयार ठेवा.

भारतात अशी मुदतवाढ कायम मिळत राहत नाही, पहिला एम्प्लॉयमेंट व्हिसा दिल्याच्या तारखेपासून मोजलेल्या कमाल मर्यादेपर्यंतच मिळते. ती मर्यादा किती, हे चालू नियमांत बघून घ्या. मर्यादा संपायच्या वर्षभर आधी हे साहेबांच्या कानावर घाला, म्हणजे माणूस मायदेशी जाऊन नवा व्हिसा घेऊन येईपर्यंत त्याचं काम कोण बघणार हे ठरवता येतं.

४. पगाराचे कागद एकमेकांशी जुळवा

पत्त्यानंतर अर्ज अडकण्याची दुसरी मोठी जागा ही. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा आहे, वर्षाला १६.२५ लाख रुपये. त्या त्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषे यांना ती लागू नाही. कारखान्यातल्या इंजिनीअरला आहे.

कंपनीने फुकट घर, गाडी दिली असेल तर तीही या मर्यादेत धरता येते, पण तिची रुपयांतली किंमत करारात लिहिलेली हवी आणि तिच्यावर प्राप्तिकर कापलेला हवा. करारात नुसतं 'निवासाची सोय कंपनी करेल' असं लिहिलं की ती सोय हिशेबात धरली जात नाही.

अर्धा पगार इथे रुपयांत आणि अर्धा तिकडच्या मूळ कंपनीकडून युरोत, अशी व्यवस्था आपल्याकडच्या संयुक्त कंपन्यांमध्ये सर्रास असते. भारतात केलेल्या कामाचा पगार कुठेही जमा झाला तरी तो इथे करपात्र आहे. म्हणजे फॉर्म १६ मध्ये दोन्ही रकमा दिसायला हव्यात. करारात वीस लाख आणि फॉर्म १६ मध्ये नऊ लाख दिसले, तर मुदतवाढ अडते आणि वर प्राप्तिकर खात्याचा प्रश्नही उभा राहतो. तुमच्या सीए साहेबांना हा कागद अर्ज करण्याआधी दाखवा. अर्ज अडल्यावर दाखवून उपयोग नाही.

पॅन कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. जपानी, कोरियन माणसांच्या बाबतीत आडनाव आधी की नाव आधी यात हमखास घोळ झालेला असतो, आणि आपल्या सवयीने कुणीतरी वडिलांचं नाव मधे घातलेलं असतं. हे दुरुस्त करायला आठवडे लागतात, म्हणून आल्या आल्या बघून घ्या.

पीएफचं थोडक्यात: परदेशी कर्मचाऱ्याला आपल्यासारखी पंधरा हजारांची मर्यादा नसते, त्याच्या पूर्ण पगारावर वर्गणी धरली जाते. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया यांसारख्या ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तिथून त्याने कव्हरेजचं प्रमाणपत्र आणलं असेल तर इथली वर्गणी लागत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या या वेगळ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, त्यावरून वाद चालू आहेत. म्हणून तुमच्या कंपनीने काय भूमिका घ्यायची हे पीएफ सल्लागाराला विचारूनच ठरवा, स्वतःच्या मनाने वर्गणी बंद करू नका.

५. फाईल लावा

कर्मचाऱ्याकडून हे घ्या:

- पासपोर्टची माहितीची पानं, व्हिसाचं पान आणि शेवटच्या आगमनाच्या शिक्क्याचं पान
- आधीचं आरपी
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा नवा फोटो. मागच्या वर्षीचा वापरू नका
- पॅन, मागच्या वर्षाचं विवरणपत्र, फॉर्म १६
- भाडेकरार, घरमालकाचं ओळखपत्र, लाईटचं बिल, चालू सी फॉर्म

कंपनीकडून:

- मुदतवाढीची विनंती करणारं पत्र, त्यात पद, पगार, किती काळ हवा आणि का
- नोकरीचा करार, आणि वाढवला असेल तर वाढीचं पत्र
- कर्मचाऱ्याच्या वर्तनाची आणि वेळ आल्यास त्याला मायदेशी पाठवण्याची जबाबदारी घेणारं हमीपत्र
- कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन
- सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र आणि त्याचं ओळखपत्र

'का' या शब्दावर कंपन्या एक ओळ खरडतात, 'कामाची गरज आहे' म्हणून. तेवढ्याने भागत नाही. हे काम इथल्या माणसाकडून होत नाही आणि या माणसाकडे ते कौशल्य आहे, हे दिसलं पाहिजे. फौंड्रीतल्या एका तज्ज्ञासाठी आम्ही लिहिलं होतं की तो कुठल्या प्रकारच्या कास्टिंगमधला रिजेक्शनचा प्रश्न हाताळतो, त्याच्या हाताखाली कोण स्थानिक इंजिनीअर शिकत आहेत, आणि येत्या वर्षात कोणतं काम पूर्ण व्हायचं आहे. शॉपफ्लोअरवरच्या मॅनेजरकडून ही माहिती घ्या, एचआरच्या खुर्चीत बसून ती लिहिता येत नाही.

पत्रांचे जुने नमुने तपासा. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला आणि १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट हे रद्द झाले. हमीपत्रात अजून जुन्या कायद्याचं नाव असेल तर बदला. नव्या कायद्यात व्हिसाची मुदत संपूनही राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे त्या माणसाला घाबरवण्यासाठी सांगू नका, पण सांगा. तारीख चुकली तर परिणाम त्याला भोगावे लागतात.

करार जर्मन किंवा जपानी भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

६. पोर्टलवर अर्ज

खातं कर्मचाऱ्याच्या नावाने, त्याच्याच ईमेलने आणि त्याच्याजवळच्या भारतीय मोबाईल नंबराने उघडा. एजंटच्या ईमेलने कधीही नाही. मोठ्या शहरातल्या एजंटकडे काम दिलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. खातं एजंटच्या ईमेलवर, त्रुटीची सूचना एजंटला जाते, आणि पुढच्या वर्षी एजंट बदलला की आधीचे अर्ज बघायलाही मिळत नाहीत. एजंट नेमायला हरकत नाही, चावी मात्र त्या माणसाकडे असू द्या.

अर्ज भरताना तो माणूस शेजारी हवा. त्याचा जन्मगाव, आईवडिलांची नावं, आधी भारतात कधी येऊन गेला, हे तुम्ही अंदाजाने भरू नका. सेवांच्या यादीत व्हिसा एक्स्टेन्शन निवडायचं. पत्ता टाकताना राज्य आणि जिल्हा दोनदा तपासा, चंदगडात राहणाऱ्याचा जिल्हा सवयीने बेळगाव निवडला जातो. स्कॅन सरळ, पूर्ण पान दिसेल असा, शिक्के वाचता येतील असा हवा. मोबाईलने काढलेला तिरका फोटो टाकला की तो परत येतो. फी राष्ट्रीयत्वाप्रमाणे आणि मुदतीप्रमाणे वेगवेगळी, पोर्टलच सांगतं. परदेशी कार्डवरून पैसे अडकतात, तेव्हा कंपनीचं कार्ड हाताशी ठेवा.

अर्ज गेल्यावर मिळणाऱ्या पोचपावतीचे दोन प्रिंट काढा, एक त्याच्या पाकिटात आणि एक फाईलला.

७. अर्ज गेल्यानंतर

रोज स्टेटस बघा. त्रुटी निघाली तर ईमेल येतो, तो बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि उत्तर द्यायची मुदत निघून जाते. उत्तर देताना फक्त मागितलेला कागद द्या, त्याबरोबर दोन ओळींचं पत्र. दहा जास्तीचे कागद जोडले तर नवे प्रश्न निघतात.

पोलीस चौकशीला घरी येऊ शकतात. येणारे हवालदार कन्नड बोलतील, मराठीही बहुधा बोलतील, पण परदेशी माणसाचं आणि त्यांचं बोलणं व्हायला मधे कुणीतरी लागतं. तुमचा नंबर घरमालकाकडे आणि त्या माणसाकडे दोघांकडे असू द्या, आणि फोन आला की उठून जा. शेजारच्या काकूंनाही आधी सांगून ठेवा. चौकशीला आलेल्या माणसाने शेजारी विचारलं आणि 'कोण राहतो कुणास ठाऊक' असं उत्तर मिळालं, तर उगाच एक फेरा वाढतो.

अर्ज प्रलंबित आहे आणि व्हिसाची तारीख उलटून गेली, असं झालं तर पोचपावती सांभाळून ठेवा आणि त्या काळात परदेश प्रवास पूर्ण टाळा. एकदा बाहेर गेला की मुदत संपलेल्या व्हिसावर परत येता येत नाही. घरी आजारपण असेल, जावंच लागणार असेल, तर आधी कार्यालयाशी बोलून एक्झिट परमिटचा, म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीचा, मार्ग विचारा.

मंजुरी आली की नवं आरपी ईमेलने येतं. नाव, पासपोर्ट नंबर, मुदत, पत्ता तिथल्या तिथे तपासा आणि चूक असेल तर त्याच दिवशी कळवा.

८. वेगळी प्रकरणं

*कुटुंब.* बायको-मुलं एन्ट्री व्हिसावर असतात, त्यांचा अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र. कर्मचाऱ्याचा झाला म्हणजे घरच्यांचा आपोआप होत नाही. मुलांच्या शाळेचं बोनाफाईड काढून ठेवा, पत्त्याला आधार मिळतो.

*मशीन बसवायला आलेला.* नवीन मशीन बसवून चालू करून द्यायला आलेल्या इंजिनीअरला बिझनेस व्हिसावर बोलावलं आणि काम लांबलं म्हणून इथेच एम्प्लॉयमेंट व्हिसात बदलून घेऊ, हे जमत नाही. पुरवठ्याच्या करारानुसार मशीन उभारायचं असेल तर २०२५ पर्यंत मुळातच एम्प्लॉयमेंट व्हिसा लागायचा. आता हे काम बिझनेस व्हिसाच्या बी-४ या प्रकारात गेलं आहे, म्हणून बोलावण्याआधी चालू नियम बघा.

*नोकरी बदलणारा.* होनग्यातली कंपनी सोडून हत्तरगीतल्या कंपनीत जायचं, व्हिसा तोच. असं चालत नाही. व्हिसा त्या कंपनीशी बांधलेला असतो. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी अशा मोजक्या नात्यांतच, गृह मंत्रालयाच्या परवानगीने, बदल होतो. बाकीच्यांनी मायदेशी जाऊन नवा व्हिसा आणायचा.

*नेपाळी कामगार.* हॉटेलातले आचारी, वॉचमन यांना व्हिसाही लागत नाही आणि ही नोंदणीही. तरीही काही कंपन्या त्यांचे पासपोर्ट मागत बसतात आणि गरीब माणसाला हेलपाटे घालायला लावतात. तसं करू नका. नेपाळी नागरिकत्वाचा पुरावा घेऊन ठेवा, पुरे.

*ओसीआय कार्डवाले.* म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय. यांना एम्प्लॉयमेंट व्हिसाची आणि आरपीची गरज नाही. कार्डाची प्रत घ्या आणि पासपोर्ट बदलला तर पोर्टलवर माहिती भरायला सांगा.

*मुंडगोडची सहल.* आपल्याकडे आलेल्या परदेशी लोकांना मुंडगोडचे तिबेटी मठ बघायची फार ओढ असते. तिबेटी वसाहतीत मुक्काम करायला परदेशी नागरिकाला गृह मंत्रालयाचं प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं. ते न घेता तिथे राहिलेल्या माणसाची मुदतवाढ पुढे अडचणीत येऊ शकते. शनिवारी-रविवारी गोव्याला जाणाऱ्यांनी हॉटेलात उतरावं, हॉटेलवाले सी फॉर्म भरतात. कुणा मित्राच्या घरी राहिला तर तो भरायची जबाबदारी त्या मित्राची.

९. तो कायमचा परत जातो तेव्हा

राजीनामा किंवा करार संपल्याची तारीख पक्की झाली की कंपनीने कार्यालयाला लेखी कळवायचं, कारण हमीपत्र तुमच्या सहीचं आहे. विमानाची तारीख व्हिसा संपण्याच्या आत हवी. शेवटच्या पगाराचा टीडीएस भरून फॉर्म १६ त्याच्या खासगी ईमेलवर पाठवा, कंपनीचा ईमेल बंद होतो. पीएफ कापला असेल तर त्याचे पैसे काढण्याचे अर्ज त्याच्या सह्यांनिशी जाण्याआधी घ्या, आणि बँकेत जाऊन खातं अनिवासी करून घ्या, नाहीतर परतावा कुठे जमा करायचा हा प्रश्न राहतो. घरमालकाचं डिपॉझिट, लाईटचं शेवटचं बिल आणि काकांच्या सी फॉर्म खात्यावर त्याच्या निघण्याची नोंद, एवढं झालं की फाईल बंद करा आणि निदान आठ वर्षं जपून ठेवा. तोच माणूस पुन्हा इकडे आला, तर दूतावास याच कागदांबद्दल विचारतो.